वाचून कायम

प्रत्येक नागरिकाला तीन मिनिटं.
घड्याळ माझ्या हाताशी असतं. मी टंकते:
मर्ल ट्रेझाइस, वय एकाहत्तर, राहणार बँक्सिया स्ट्रीट.
प्रश्न मार्चपासून तोच:
जांभळ्या पाइपातून आजवर किती पाणी गेलं?

औषधाच्या दुकानात चाळीस वर्षं
थेंब मोजून बाटल्या भरलेली बाई.
शाळेमागच्या मीटरचे आकडे तिच्या वहीत आहेत,
रोज सकाळी कुत्र्याला फिरवताना टिपलेले.
सोमवार: चार शून्यं, मग एकोणीस.
मंगळवार: चार शून्यं, मग एकोणीस.
ईस्टर: तेच. (कुत्रा लंगडतो आहे.)
ऑगस्टात गटारं फुगली,
सुपरमार्केटच्या पार्किंगमधून ट्रॉल्या तरंगत निघाल्या,
तेव्हाही एकोणीस.

योजना मला तोंडपाठ आहे. तिचं प्रत्येक टिपण मीच टंकलंय.
ॲडलेडच्या उत्तरेला, आमच्या एवढ्याशा नगरपालिकेत
छपरांवरचं, रस्त्यांवरचं पाणी
आता समुद्राला फुकट द्यायचं नाही.
तळ्यात थोपवायचं, लव्हाळ्याच्या मुळांनी गाळायचं,
बोअरमधून खाली चुनखडीत सोडायचं
आणि जानेवारीत, गवत पिवळं पडलं की
उपसून मैदानांना पाजायचं.
एक कोटी चाळीस लाख डॉलर.
निम्मे सरकारचे, निम्मे घरपट्टीतले,
म्हणजे मर्लचेही, माझेही.
उद्घाटनाची पितळी पाटी आहे. तिच्यावर अकरा नावं.
व्हॉल्व्हवर एकही नाही.

जूनमध्ये मर्ल म्हणाली,
"पाणी कुठंतरी मुरतंय."
अध्यक्ष खुर्चीत मागे रेलले:
"बाईसाहेब, मुरवण्यासाठीच तर योजना आहे!"
सभागृह हसलं. मीही हसले.
इतिवृत्तात घातलं: (हशा).
"प्रश्न नोंदवून घेतला. उत्तर यथावकाश."
हे वाक्य मला टंकावं लागत नाही,
एक कळ दाबली की उमटतं.

नोव्हेंबरात मागच्या बाकावरून एल्मिन उठला.
पंपघराच्या किल्ल्या असतात तो.
अर्ज भरलेला नाही, विषयपत्रिकेत नाव नाही.
"बोअर गाळानं बसलाय," तो म्हणाला,
"दुसऱ्याच हिवाळ्यात. मी तीनदा कळवलं.
तळं भरलेलं दिसतं ते नळाच्या पाण्यानं.
उद्घाटनाच्या फोटोसाठी कॉक उघडायला सांगितला होता.
बंद कर, असं मला
अजून कुणी लिहून दिलेलं नाही."

कुणी हसलं नाही.
खिडकीबाहेर ते तळं, त्यावर बदकं.
बदकांना काय, पाणी ते पाणी.

"हे नियमबाह्य आहे," अध्यक्ष म्हणाले,
"इतिवृत्तात येणार नाही." आणि माझ्याकडे पाहिलं.
माझी बोटं तोवर 'फोटोसाठी'पर्यंत पोहोचली होती.
वाक्य अर्धं सोडणं मला कधीच जमलेलं नाही.
पूर्णविराम दिला.
पान नऊ. वर सायकलमार्गाचा रंग,
खाली कचरापेट्यांच्या झाकणांची निविदा.
मधे एल्मिन, त्याच्या नावानिशी.

मी शूर नाही, हे सांगून ठेवते.
महिनाभर झोप नव्हती. दोनदा फाइल उघडली,
दोनदा ते पान नुसतं वाचून मिटलं.

डिसेंबरातला पहिला विषय:
मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे.
सूचक, अनुमोदक, हात वर.
सर्वानुमते कायम.
वाचलं कुणीच नव्हतं.

एक अपवाद. तिसऱ्या रांगेत
मर्लनं पान नऊवर पेन्सिल आडवी ठेवली होती.
तिचा पुकारा झाला. ती सावकाश उठली,
चष्मा पुसला, वहीचं कोरं पान काढलं.
"नळाचं पाणी, तर मग," ती म्हणाली,
"त्याचा मीटर कुठं आहे?"

घड्याळ सुरू करायचं
माझ्या लक्षातच राहिलं नाही.