शिंगाडे

दिवाळीच्या आधी आठ दिवस
मी मल्हारगंजच्या आतल्या गल्लीत
भट्टीपाशी उभा असतो, झाऱ्यावर बेसन घासत.
लौंग सेव, पालक सेव, बारीक, जाड.
गिऱ्हाईक म्हणतं, भिया, ही नको,
आत्ता कढईतून निघतेय ती द्या.
रात्री घरी येतो तेव्हा
कोपराच्या वळीतसुद्धा ओवा असतो.

घरी ऋजुता. सात वर्षांची, सुट्टी पंधरा दिवसांची.
सकाळी कानिटकरांकडे दोन अनारसे,
वरच्या मजल्यावर जैनांकडे काजूकतली,
जिन्यात कुणीतरी तळहातावर ठेवलेला चिवडा,
आणि दुपारी ताटासमोर
"पोट भरलंय."
वरणभात निवत जातो.
दुधीची भाजी नव्या पाहुणीसारखी
ताटाच्या कडेला अंग चोरून बसते.

सुमेधा डबे उंच फळीवर ठेवते.
स्टूल कुठं असतं हे ऋजूला माहीत आहे.
एकदा मी म्हटलं,
एक पोळी खा, मग एक शंकरपाळा.
ती म्हणाली, अर्ध्या पोळीचा अर्धा?
घासाघीस करता करता
शंकरपाळ्याचा भाव मीच चढवून ठेवला.
पंधरा वर्षं दुकानात गेलेल्या माणसाला
एवढं तरी कळायला हवं होतं.

आणि बोलणार कुठल्या तोंडानं?
अर्ध्या इंदूरला तळून घालतो,
आणि आपल्याच पोरीला सांगतो,
तळलेलं नको गं, बाई.

पाडव्याला दुकान दुपारी बंद झालं.
बडा गणपतीच्या वळणावर
एक म्हातारी गोणपाट ओलं करून बसलेली.
देपालपूरकडच्या तळ्यातले, म्हणाली, पहाटेच काढलेत.
हिरवे, लालसर, चिखल अजून देठाशी,
म्हशीच्या डोक्यासारखे, दोन्हीकडे शिंगं.
किलोभर घेतले.

गच्चीवर बनियनवर बसलो आणि सोलायला लागलो.
खरं सांगतो, युक्ती नव्हती ती.
भूक होती.
आठ दिवस तेलाच्या वाफेत उभं राहिलं की
जीभ नुसतं पाणी मागते,
दाताखाली करकरणारं,
थंड, पांढरं, बिनचवीचं म्हणावं इतकं साधं.

ऋजू वर आली. हातात अर्धी चकली.
बाबा, तुम्ही फराळ का नाही खात?
डोळ्यांनीच खाल्लाय खूप.
मग हे काय?
माझं आहे.

ती बराच वेळ माझ्या हनुवटीवरून
ओघळणारं पाणी बघत राहिली.
चकली कठड्यावर ठेवली.
एक द्या.
दिला. मग म्हणाली, सोलून नको, मी सोलते.
शिंग बोटाला टोचलं, बोट तोंडात घातलं,
दुसऱ्या हातानं पुढचा उचलला.
मी मोजले नाहीत. सालांचा ढीग झाला.
कठड्यावरची चकली मुंग्यांनी नेली, तुकड्या-तुकड्यानं,
मिरवणुकीसारखी.

सुमेधा वर आली, बघितलं,
काही न बोलता खाली गेली,
आणि मिठाची वाटी आणून मध्ये ठेवली.

दुसऱ्या दिवशी ऋजूनं कानिटकरांकडे पुन्हा अनारसे खाल्ले.
खाऊ दे. दिवाळी आहे.
पण दुपारी जिन्यातून तिचा आवाज आला,
आमच्या गच्चीवर शिंगंवाली फळं आहेत, टोचतात,
घाबरणारे येऊ नका.
तिच्यामागून चार जोड्या चपला
धडधडत वर गेल्या.

भाऊबीज आटोपून मी परत भट्टीपाशी.
एक बाई आली, कडेवर मूल,
म्हणाली, तिखट नाही ना? हा हीच खातो दिवसभर,
एक किलो द्या.
माझ्या तोंडून गेलं,
पावभर न्या ना, ताई.

मालकानं चष्म्याच्या वरून बघितलं.
मी झारा पुन्हा कढईवर धरला,
आणि पीठ घासायला लागलो.