ऐंशी ग्रॅम

मंगळवारी, अंधार पडायच्या आत,
म्हणजे आमच्याकडे दुपारी अडीचच्या सुमाराला,
रेयो कार्ना ग्रंथालयात येतो.
दाराशी बूट आपटून बर्फ झाडतो,
टोपी हीटरवर वाळत घालतो
आणि तीन नंबरच्या संगणकापुढे बसतो
दातांच्या डॉक्टरकडे बसावं तसा.

मी स्टूल ओढून शेजारी बसते.
माझं काम खरं तर पुस्तकं देण्याघेण्याचं.
पण गिरणी बंद झाल्यापासून
पुस्तकं कमी, पासवर्ड जास्त.

एकतीस वर्षं या माणसानं कागद केला.
चार नंबरचं मशीन, मिनिटाला बाराशे मीटर.
कानात बोळे घालूनही त्याला कळायचं
कुठल्या रोलरचं बेअरिंग कुरकुरतंय.
अर्जात त्याला रकाना नाही.
कौशल्यं यादीतूनच निवडायची, जास्तीत जास्त दहा:
संघभावना, सकारात्मक दृष्टिकोन,
बदलाची आवड.
‘बदलाची आवड,’ तो मोठ्यानं वाचतो
आणि माझ्याकडे बघतो,
जणू मीच लिहिलंय.

पुढे: मागच्या पाच नोकऱ्यांचा तपशील.
त्यानं केली एकच.
चार चौकोन रिकामे, प्रत्येकाशेजारी लाल तारा,
पुढे जाऊ देईना.
शेवटी एकाच नोकरीचे आम्ही पाच तुकडे केले,
ओंडका फोडावा तसे.
पाचवा जरा वाकडा गेला.

मग मुलाखत.
चेहरा नाही, नुसता प्रश्न,
खाली नव्वदापासून उलटे पळणारे आकडे.
‘स्वतःबद्दल सांगा.’

साइमाच्या काठी कुणी स्वतःबद्दल सांगत नाही.
सौनात दोन माणसं तासभर बसतात,
त्यात एक म्हणतो, ‘अजून पाणी ओत,’
आणि बाहेर पडताना दोघांनाही वाटतं
आज बरंच बोलणं झालं.
रेयोनं विचार केला. नीट, प्रामाणिकपणे,
ऐंशी सेकंद.
उरलेल्या दहात म्हणाला, ‘मी वेळेवर येतो.’

पडदा म्हणाला:
आवाज आढळला नाही. कृपया मायक्रोफोन तपासा.

दोन बावन्नला अर्ज गेला.
दोन पंचावन्नला उत्तर:
आपल्या अर्जाचा काळजीपूर्वक विचार केल्यानंतर.
टोपीसुद्धा वाळली नव्हती.
‘तीन मिनिटं,’ रेयो म्हणाला,
‘तेवढ्यात आमचा साडेतीन किलोमीटर निघायचा.
इथून चर्चपर्यंत.’
तक्रार नव्हती. हिशेब होता.

खाली बारीक अक्षरात, या पत्त्यावर उत्तर पाठवू नये.
मी सांगितलं. तो ऐकेना.
कुणी पत्र लिहिलं तर पोच द्यायची, एवढं त्याला ठाऊक.
एका बोटानं त्यानं टंकलं:
मिळालं. आभारी आहे. कार्ना.
ते लगेच परत आलं,
कुणी न राहणाऱ्या घरावरून
चेंडू परत यावा तसं.

नकाराची प्रत भत्त्याच्या ऑफिसला लागते.
वीस सेंट.
प्रिंटरमधून ताव बाहेर आला, कोमट.
त्यानं तो वाचला नाही.
अंगठ्यानं चोळला.
कानाशी नेऊन एकदा झटकला.
मग दिव्यासमोर धरला, इतका वेळ
की रांगेतली सानेल्मा खोकली.

‘चार नंबर,’ तो म्हणाला.
‘आमचाच. हिवाळ्यातला असणार, बर्च जास्त आहे.’

मागच्या खोलीत जाऊन मी खोकी बघितली.
गिरणी बंद होताना स्वस्तात घेतलेली, चाळीस.
अकरा उरलीत.
हे त्याला सांगायचं की नाही, ठरेना.

त्यानं ताव घडी न घालता
कोटाच्या आत सपाट ठेवला,
बाहेर बर्फ होता म्हणून.
टोपीचा एक कान अजून ओला. तशीच घातली.
‘मंगळवारी,’ म्हणाला, आणि गेला.

संध्याकाळी बंद करताना
प्रिंटरमध्ये कोरे ताव भरायचे असतात.
आज एक मी कानाशी धरला, झटकला.
काही ऐकू आलं नाही.
किंवा आलं असेल,
काय ऐकायचं ते मला माहीत नाही.