हवाबंद

कास्तान्यालच्या बसस्थानकामागे माझं दुकान आहे.
शवपेट्या करतो. चाळीस वर्षं.
अजून एकाही गिऱ्हाइकाची तक्रार नाही.

शुक्रवारी ज्युवेनाल आला, बहिणीचा मुलगा,
मागचं दार तारेनं बांधलेली जुनी गोल घेऊन,
आणि आत त्यानंच ठोकलेला एक खोका, दोन वूफरचा.
"मामा, बास येत नाही. नुसता खोकतो."
बास म्हणजे काय रे?
म्हणाला, कानाला नाही, बरगड्यांना ऐकू येतं ते.
माझा डावा कान करवतीनं कधीच नेलाय.
म्हटलं, मग हे काम माझंच.

फळी भुशाची, बारा मिलिमीटर,
कपाटाच्या पाठीला लावतात तसली.
बोटाच्या पेरानं ठोकलं, तर लगेच उत्तर दिलं तिनं.
चांगली फळी इतकी बडबडी नसते.

मेणबत्ती लावली, दुकानात त्यांना तोटा नाही.
म्हटलं, वाजव तुझं खालच्या पट्टीतलं काहीतरी.
सांध्यासांध्यावरून ज्योत फिरवली.
डाव्या कोपऱ्यात ती वाकली, सरळ झाली, पुन्हा वाकली,
कुणी आतून श्वास घेत असल्यासारखी.
माझ्या पेटीत असं झालं असतं
तर मी बेलेंपर्यंत पळालो असतो.

मग खोका मोडला.
अठरा मिलिमीटरची फळी घेतली,
पोटात आडवी पट्टी, भिंतींनी फुगू नये म्हणून.
वहीत त्याचं घनफळ होतं साठ लिटर,
पण चुंबकांची जागा वजा नव्हती, पट्टीची तर नव्हतीच.
अरे, मी माणसाचं माप घेतो तेव्हा बूटसुद्धा धरतो.

सांधे सिलिकोननं भरले.
दुकानभर व्हिनेगरचा वास.
त्याला तिथल्या तिथे वाजवायचं होतं.
म्हटलं, उद्यापर्यंत थांब, हा वास वूफरची कड खातो.
उशांसाठी आणलेला कापूस होता, पॉलिएस्टरचा,
तो पिंजून आत सोडला, सैल.
मेलेल्याला दाबून भरला तरी चालतो, हवेला नाही.

रविवारी संध्याकाळी वूफर बसवले, तारा मीच जोडल्या.
ज्योत फिरवली: हलेना.
आणि बास?
होता तेवढाही गेला.
ज्युवेनाल काही बोलला नाही.
त्याच्या चेहऱ्यावर तीन महिन्यांचा पगार दिसत होता.

कोपऱ्यावर टॅपिओका विकणारी इव्होनेत
सुट्टे पैसे मागायला आली होती.
तिनं एकेक तळवा एकेका वूफरवर टेकला,
पिठाचेच हात, दोन्ही पडद्यांवर ठसे उमटले.
म्हणाली, हे दोघं भांडतायत.
हा बाहेर येतो तेव्हा तो आत जातो.

तिन्हीसांजेला लाल तार आणि काळी तार
माझ्या डोळ्यांना एकच दिसते.
दोन दिवस आम्ही भिंती लिंपत बसलो
आणि आत दोघं एकमेकांची हवा गिळत होते.
(माझी बहीण नऊ वर्षं माझ्याशी बोललेली नाही.
ते मला तेव्हा आठवलं, असं मी म्हणत नाही.)

एका बाजूच्या तारा उलटवल्या.

आधी डब्यातले खिळे सरकले,
मग रंध्याखालचा भुसा नाचला,
मग इथे, शर्टाच्या दुसऱ्या गुंडीमागे,
कुणीतरी जड पावलांनी जिना चढू लागलं.
डावा कान पहिल्यांदा कामाला आला, कसा ते विचारू नका.
इव्होनेत सुट्टे न घेताच गेली.
ज्युवेनाल हसत होता, आवाज न करता,
किंवा केला असेल, कळायला मार्ग नव्हता.

आणि मागच्या खोलीत, सोमवारी द्यायच्या पेटीचं झाकण
टरटर वाजू लागलं.

जाऊन पाहिलं.
उजव्या सांध्यात केसाएवढी फट.

चाळीस वर्षं.
एकही तक्रार नाही.