खोटा माथा

या शहराला चढ नाही.
समुद्रसपाटीपासून जेमतेम चाळीस मीटर,
आणि विश्वामित्री अशी वाहते
की तिच्यातल्या मगरींनाही घाई नसावी.
अशा गावात एकतीस वर्षं मी
रिफायनरीच्या नळांचे आराखडे काढले.
डोंगर काढ म्हटल्यावर
हात आधी अडखळलाच.

म्हणाली हेतल, बहिणीची मुलगी.
(नाव शेजारच्या जशोदाबेननी ठेवलेलं,
आडनाव खानविलकरच.)
स्पीतीत डोंगरवाटेवर पळायची शर्यत,
बेचाळीस किलोमीटर, मध्ये एक खिंड,
आणि आलेला नकाशा म्हणजे
पुसट झेरॉक्स, त्यात नेमका खिंडीवर चहाचा डाग.
"मामा, मला नीट काढून दे.
डोळ्यांना पाठ झाला
की पायांचं मी बघते."

मग दांडिया बाजारात, जेवणाच्या टेबलावर,
ट्रेसिंग पेपर, बारीक निबाचं पेन,
समोच्च रेषा वीस-वीस मीटरच्या.
जिथे त्या सैल, तिथे पळ.
जिथे दाटीवाटीनं, तिथे चाल, लाजू नकोस.
ओढा दहाच्या आत ओलांड;
ऊन चढलं की वरचं बर्फ सुटतं
आणि घोट्याएवढं पाणी मांडीला लागतं.
हे काझाच्या छेरिंगनं सांगितलं, फोनवर,
आवाज तुटत तुटत.
आणखी एक बोलला, ते मी समासात लिहिलं:
सपाटीवरची माणसं पहिला तास फार छान पळतात.

पहाटे ती फतेगंजच्या पुलावर.
वर, खाली. वर, खाली. चोवीस वेळा.
पाठीवरच्या पिशवीत दोन किलो तूरडाळ.
पुलाखालच्या एटीएमचा रखवालदार
तिसऱ्या दिवशी न राहवून:
"बेन, पाछळ कोई पड्युं छे के?"
रविवारी पावागढ.
लोक एकदा चढून धन्य होत,
ही पायऱ्या उतरून पुन्हा पायथ्याशी.
एका म्हातारीनं तिला हात जोडले,
एवढा मोठा नवस कुणी बोलतं का म्हणून.

गेली. आली.
ओठ फुटलेले, नाकाची साल निघालेली.
किती वेळ लागला ते मी विचारलं नाही,
तिनं सांगितलं नाही.
नकाशा काढला, आठ घड्यांचा,
घामानं शाई पांगलेली,
आणि पेन्सिल मागितली.

"इथे चुकलास, मामा."
मी भिंग घेऊन मोजलं. रेषा बरोबर होत्या.
"रेषा बरोबरच आहेत रे.
पण इथे पोचलं की वाटतं, संपलं.
आभाळ डोक्याला लागतं,
कुणी बांधलेल्या दोन पताकाही असतात.
आणि मग त्याच्या मागून
दुसरा उभा राहतो. दुप्पट.
इथे मी बसले. तासभर तरी.
एक बाई थर्मास घेऊन वर चालली होती,
दुसऱ्याच कुणासाठी. मला दिला.
मिठाचा चहा. पहिला घोट थुंकले,
मग कप पुढे केला."

"मग?"
"मग काय. उतरले."
"कुठल्या बाजूला?"
पेन्सिलीचं टोक ती नखानं तपासत राहिली.

झडपा, वळणं, गळतीच्या जागा,
सगळ्याला खुणा आहेत माझ्या सूचीत.
याला नव्हती.
रात्री मी एक काढली:
छोटं वर्तुळ, निम्मं भरलेलं,
आणि पुढे अक्षर शक्य तितकं सरळ ठेवून:
खोटा माथा. बसायला जागा आहे.

हल्ली पहाटे मीही पुलावर जातो.
डावा गुडघा बोलतो, मी ऐकून घेतो.
मध्यावर कठड्याला टेकतो,
खाली दुधाचे कॅन उतरत असतात,
वाटतं, झालं की आता,
आणि पूल अजून थोडा चढतोच.
परतताना रखवालदार खुर्ची सरकवत विचारतो:
"काका, तमारी पाछळ पण?"