हात धरणारी

बेलो होरिझोंतेचं सरकारी इस्पितळ, तिसरा मजला.
गुरुवारी सकाळी माझं काम एवढंच:
समोरच्या माणसाचे हात खांद्याइतके उचलून धरायचे
आणि डॉक्टर ग्लाउसिया जांभळ्या पेनानं खुणा करत असताना
हलू द्यायचे नाहीत.

अकरा वर्षं झाली.
आता दंड तळव्यावर पेलला
की डॉक्टर बोलायच्या आधीच
मला उत्तर कळतं. मी बोलत नाही.

इवोनेचीचा दंड भरलेला,
कातडी मात्र फुगायला ठेवलेल्या पिठासारखी,
बोट दाबलं की लगेच वर.
वय एकोणतीस. तिला लांब चीर नकोच.
"नळीनं चरबी ओढून घेऊ,
कातडी आपली आपण आवळेल."
ती जरा हिरमुसलीच.
मोठ्या दुखण्याची तयारी करून निघाली होती घरून.

वरच्या वर, काखेपाशीच थोडं लोंबत असेल
तर चीरही काखेतच, तिथेच लपणारी.
संगीत शिकवणाऱ्या एका बाईंना ती पुरली.
कोपरापर्यंत ओघळलेल्या दंडाला
ती म्हणजे फाटक्या चादरीला एक टाका.

आदाल्बेर्तो ट्रक चालवतो. पुरुषही येतात.
साठ किलो उतरलेला,
सदऱ्याच्या खिशात सिगारेटचं पाकीट.
"आधी हे सोडा," डॉक्टरांनी बोट दाखवलं,
"धुरावर जखम सांधत नाही."
तो गेला. अजून तरी आलेला नाही.

आणि ती एक, तिचं नाव राहू दे,
डाव्या स्तनाबरोबर काखेतल्या गाठीही काढलेली.
डॉक्टरांनी पेनाचं टोपण उघडलंच नाही.
"हा हात सुजेल. आणि ती सूज कदाचित उतरायची नाही."
मी हात खाली सोडायला हवा होता.
थोडा वेळ नाही सोडला.

मग दोना झुलेईदे, बारेइरोहून दोन बस बदलून.
दोन वर्षांत बेचाळीस किलो,
काटा आता आठ महिने एका जागी.
कातडी तेवढी राहिली,
लग्न उरकून गेल्यावरही
कुणी न सोडलेल्या मांडवासारखी.
"मी बसला हात करत नाही," म्हणाली,
"कोपर अंगाशी धरून नुसतं मनगट हलवते.
ड्रायव्हरला दिसत नाही. बस निघून जाते."
नातू म्हणतो, आजी, पंख हलव.
ती हलवते. तो हसतो. तीही हसते,
रात्री पूर्ण बाह्यांचा झगा घालून झोपते,
डिसेंबरच्या उकाड्यात.

तिची रेघ लांब निघाली.
कोपरापासून काखेपर्यंत,
काखेत वळून बरगड्यांच्या कडेनं खाली.
"ही राहणार," डॉक्टर म्हणाल्या.
"आधी लाल, मग गुलाबी, वर्ष-दीड वर्षानं फिकी.
पण राहणार. नको असेल तर आत्ताच सांगा,
मी रागावणार नाही."

झुलेईदे कार्निव्हलचे पोशाख शिवते.
तिनं आरशात रेघ पाहिली,
गिऱ्हाइकाच्या अंगावरची पाहतात तशी,
मान तिरकी करून, एक डोळा बारीक.
"एक बोट मागे घ्या," म्हणाली.
"बाहीची शिवण आम्ही मागेच घेतो,
समोरच्याला दिसत नाही."
डॉक्टर थांबल्या.
मग स्पिरिटच्या बोळ्यानं पुसून
एक बोट मागे घेतलं.

चार महिन्यांनी आली तेव्हा
दाबून बसणारी पट्ट्यांची बाही सुटली होती,
आतली रेघ अजून तांबडी, सरळ.
मी विचारलं, बस?
"आता अख्खा हात वर करते.
तरी थांबत नाही मेली!"
आणि कसा करते ते दाखवायला
तिनं हात वर केला.

सवयीनं
मी धरायला पुढे झाले.