रिकाम्या जागेचा दंड

उगवण-चाचणीच्या जुन्या फॉर्मांच्या पाठीवर
वेळापत्रक आखलंय.
डोईफोडे सरांनी रद्दीतून काढून दिले.
पुढच्या अंगाला: मूग, लॉट नंबर, शंभरात चौऱ्याऐंशी.
मागच्या अंगाला मी:
एकशे अकरा दिवस, पाच विषय,
आणि बारावीला सोडलेलं गणित,
जे आता उंबऱ्यावर येऊन बसलंय
उधारी मागायला आल्यासारखं.

पहाटे पाच ते सात जैवरसायन.
आठ ते पाच एमआयडीसी:
ओल्या कागदाच्या गुंडाळ्या उलगडायच्या,
मोड मोजायचे. नीट, वाकडे, मेलेले.
कठीण बियांचा रकाना वेगळा.
कठीण म्हणजे जिवंतच,
फक्त अजून पाणी न प्यालेली.

रात्री संख्याशास्त्र, मग पायथन,
मामाच्या लॅपटॉपवर.
त्याचं ई दाबलं एकदा की उमटतं दोनदा,
एक साधं 'एल्स' चार ई घेऊन येतं
आणि मी बसते वेचत,
तांदळातले खडे वेचावेत तशी.

तबस्सुमनं कागद हातात घेतला,
वरून खाली पाहिला.
"काहून गं, नळाच्या दिवशी तू पाणी भरणार नाहीस का?"
जालन्यात राहून मी नळच विसरले होते.
मग दर आठव्या चौकटीत
एक आडवी रेघ.
एकशे अकरात तेरा रेघा.

काल वाचलं:
दोन क्रम एकाखाली एक मांडायचे.
अक्षर जुळलं तर गुण, नाही जुळलं तर उणे,
आणि जिथं एका ओळीत काहीच नाही
तिथं आडवी रेघ, आणि तिचा दंड.
दंडही दोन तऱ्हेचा:
रिकामी जागा उघडायला जास्त,
उघडलेली लांबवायला कमी.

मी पेन ठेवलं.
बीएस्सीनंतरच्या पहिल्या जूनला
घरात तीन दिवस कुणी बोललं नव्हतं.
दुसऱ्या जूनला आई म्हणाली, "यंदा पण?"
तिसऱ्या जूनला
तिनं डब्यात शेंगदाण्याची चटणी जास्त घातली.
बस्स, एवढंच.

रविवारी मीही मांडलं.
वर ठरवलेलं, खाली घडलेलं.
जैवरसायनाखाली जैवरसायन.
संख्याशास्त्राखाली वीज गेली.
पायथनखाली मला बघायला आलेले परतूरचे पाहुणे,
त्यांचा प्रश्न, "बायो ठीक, पण हे इन्फॉर्मॅटिक्स म्हंजे
सेतू केंद्रासारखं का?"
जनुकशास्त्राखाली डबल शिफ्ट.
गणिताखाली गणित, पण डोकं वहीवर टेकून.
बेरीज: उणे चार.

तबस्सुमला फोन केला. तिकडं कुकरची शिट्टी,
तिचा भाऊ क्रिकेटवरून भांडत होता.
"पान उलट की," ती म्हणाली,
"दुसरी रीत दिलीय पुढं.
पूर्ण लांबी नाही जुळवायची.
बेरीज उण्यात गेली
की तिथं शून्य लिहायचं.
पुढचं शून्यापासून."
"आणि मागचं?"
"मागचं राहतं की तक्त्यात. खोडायचं कशाला?"

आज पहाटे तीनला नळ आला.
गल्लीभर मोटारींची घरघर.
मी पाइप धरून उभी,
एकेका घागरीला एकेक अमिनो आम्ल:
लायसीनचा के, ट्रिप्टोफॅनचा डब्ल्यू,
ग्लुटामिनचा क्यू, आणि अ‍ॅस्पराजिनचा
अ‍ॅस्पराजिनचा
घागर भरून वाहायला लागली
तेव्हा आठवलं, एन.

लॅबमध्ये शेवटच्या मोजणीला
बारा मूग कठीण निघाले.
"मेल्यांत धरू नको हां," डोईफोडे सर म्हणाले,
"पॉलिश पेपरवर जरा घास, आणि भिजव परत."
मी घासले, चिमटीत एकेक धरून.
कागदावर हिरवट पीठ पडलं.
फॉर्मवर तारीख घातली,
सवयीनं मागचं अंग पाहिलं: कोरं.
घडी करून पिशवीत टाकलं.