डावीकडे वळताना

डावीकडे वळलं की हॉर्न वाजायचा, आपोआप.
उजवीकडे नाही. फक्त डावीकडे,
तेही चाक पाऊण फिरल्यावर.
अप्पांनी बावीस वर्षं तशीच चालवली फिएट.
माझगावात लोक दचकून बाजूला व्हायचे
आणि अप्पा काचेआडून हात जोडायचे,
तेवढा वेळ चाक सोडून.

परकारने मधला नट काढला, पुलर लावला,
हातोडीचा एक टोला दिला, हलकाच,
दुपारी आलेल्या पाहुण्याने दारावर द्यावा तसा.
चाक सुटून त्याच्या मांडीवर आलं.
"धर बाय," म्हणाला. मी धरून उभी राहिले.
सुटं चाक इतकं हलकं असेल
असं वाटलं नव्हतं.
थोडं फिरवून पाहिलं. मग ओशाळून थांबवलं.

नळीतून निघालं ते ग्रीस
चिंचेच्या जुन्या गोळ्यासारखं, काळं, रेषा धरलेलं.
हॉर्नची वायर नेमकी एका अंगाला सोललेली.
आणि वर, जिथे बुश असायला हवा,
तिथे चामड्याची पट्टी, दोन वेढे,
तिला तीन भोकं.

"हे कुणाचं काम?" परकारने विचारलं.
भोकांपैकी मधलं ओढून ओढून लांबट झालेलं.
मी ओळखला तो पट्टा.
आईने कपाटं पालथी घातली होती त्याच्यासाठी,
धोब्याशी भांडली होती.
म्हणजे कुठल्यातरी रस्त्यावर, भर उन्हात,
अप्पांनी चाकूने कापला असणार कमरेचा पट्टा,
ठोकून बसवला असणार,
आणि एका हाताने पँट धरत
दुसऱ्या हाताने, गिअरसकट,
गाडी घरी आणली असणार.
बोलले नाहीत कधी. नवा पट्टा वापरत राहिले.

नवा बुश मिळत नाही. या गाडीचा तर नाहीच.
दारूखान्यात गेलो, जिथे जहाजं किलोवर विकतात.
परकारने गनमेटलचा एक तुकडा नखाने खरवडला,
वास घेतला, घासाघीस केली, घेतला.
कुठल्या जहाजाचा, ते दुकानदाराला माहीत नव्हतं.
घागच्या लेथवर त्याची साल निघत गेली
पिवळी, गरम, कुरळी,
आणि घाग मध्येच लेथ थांबवून
मुलीच्या शाळेशी फोनवर बोलत राहिला.
सगळ्यात जास्त वेळ त्यातच गेला.

खालचा बॉक्स उघडला तेव्हा परकार गप्प झाला.
मग पेचकसाच्या टोकाने दाखवलं:
"कडेला बघ. आटे कोरे आहेत.
झीज सगळी मध्ये. मधे म्हणजे सरळ.
माणूस फार करून सरळच जातो ना.
आता मधला ढिलेपणा काढायला घट्ट केला,
तर पूर्ण वळवताना जाम होईल.
थोडा खेळ ठेवतो."
"किती?"
त्याने तर्जनी आणि अंगठा
सुपारी मावेल इतका उघडला.

नवी वायर. नवी नळी नाही, तीच, घासून रंगवलेली.
गिअरचा दांडा परत जागेवर, क्लिपा नव्या.
चाक बसवताना त्याने तीनदा मागे जाऊन पाहिलं,
आरे समोर सरळ दिसतात का.
बिलावर शेवटी लिहिलं:
जुना माल परत, पट्टा, तुकडा एक.
वर्तमानपत्रात बांधून दिला, फाफड्यासारखा.

मग मी एकटी निघाले.
चाक हातात असं बसलं
की माझे हात जास्तच फिरवू लागले.
जो ढिलेपणा आता नव्हता
त्याचीही भरपाई करत होते ते,
आणि गाडी फुटपाथकडे ओढ घेत होती,
शिकाऊ मुलीच्या हातातल्यासारखी.

नेसबिट रोडला डावीकडे वळले.
पाऊण चाक. काही नाही.
समोर हातगाडीवाला, वर पत्र्याच्या कोठ्या,
पाठ माझ्याकडे. हलला नाही.
मी ब्रेक मारला, त्याच्या टाचेपासून वीतभर.

तो वळला. गाडी पाहिली, बॉनेटपासून टपापर्यंत,
मग मला.
"हॉर्न नाय काय गाडीला?"

"आहे," मी म्हटलं. "आता दाबावा लागतो."